संसार मोडून पुन्हा मांडताना : ‘द ऑफुल ट्रुथ’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात लिओ मॅकॅरी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या १९३७ च्या अमेरिकी विनोदी चित्रपटाची शिफारस केली होती. न्यूयॉर्कमधील जेरी आणि लूसी वॉरिनर हे सुखवस्तू जोडपे परस्परांवरील संशयापायी न्यायालयात जाते, घटस्फोटाचा हुकूम मिळवते, दोघेही दुसरीकडे सोयरीक जुळवू पाहतात, एकमेकांच्या जुळत आलेल्या सोयरिकी मोडतात आणि घटस्फोट कायम होण्याच्या रात्री पुन्हा एकत्र येतात, अशी त्याची कथा आहे. कॅरी ग्रँट आणि आयरीन डन यांनी या भूमिका केल्या आहेत. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांमध्ये शेवटाचीही चर्चा आहे, याची चित्रपट अद्याप न पाहिलेल्यांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : या प्रकारच्या चित्रपटांना ‘पुनर्विवाहाच्या विनोदिका’ म्हणतात, असे आपण लिहिले होते. परंतु जेरी आणि लूसी शेवटी पुन्हा लग्न करीतच नाहीत. मग हे नाव कशासाठी? (एक वाचक, नाशिक)

आपले निरीक्षण बिनचूक आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यांना पुन्हा लग्न करण्याची गरजच पडत नाही, कारण न्यायाधीशांनी दिलेला हुकूम अंतरिम आहे आणि ठरावीक मुदत संपल्यावरच तो कायम व्हायचा आहे. जवळजवळ सगळा चित्रपट या मुदतीतच घडतो, त्यामुळे ही दोघे धड नवरा-बायकोही नाहीत आणि धड परकीही नाहीत.

‘पुनर्विवाहाच्या विनोदिका’ हे नाव हार्वर्ड विद्यापीठातील तत्त्वज्ञ स्टॅनली कॅव्हेल यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रूढ केले. १९३४ ते १९४९ या काळातील सात हॉलिवूडपटांचा त्यांनी तेथे एकत्र विचार केला असून ‘द ऑफुल ट्रुथ’ त्यांपैकी एक आहे. जुन्या सुखात्मिकेत तरुण जोडप्याच्या वाटेत आईबाप, पैसा किंवा कुळ आडवे येते आणि ते अडथळे दूर झाले की लग्न लागते. या चित्रपटांत मात्र लग्न आधीच झालेले असते, अडथळा बाहेरचा नसून त्या दोघांच्या आतच असतो, आणि म्हणून ‘यांचे लग्न होईल का’ याऐवजी ‘यांचे लग्न टिकण्याजोगे आहे का’ असा प्रश्न उभा राहतो. कॅव्हेल यांनी या संदर्भात कवी मिल्टन यांच्या घटस्फोटविषयक लेखनाचा आधार घेतला आहे. पती-पत्नींमधील मनमोकळा, आनंददायी संवाद हाच विवाहाचा मुख्य हेतू आहे, असे मिल्टन यांनी १६४३ मध्येच प्रतिपादले होते. तो संवाद तुटला की लग्न कागदावर उरते आणि तो पुन्हा जुळला की तेच पुनर्लग्न होय, मग त्यासाठी भटजी वा पाद्री बोलवावा लागो अथवा न लागो. हे नाव या अर्थाने घ्यावे.

या कथानकामागे आणखी एक व्यावहारिक कारण होते. हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता १९३० मध्ये तयार झाली होती आणि १९३४ पासून तिची अंमलबजावणी कडक झाली. विवाहसंस्थेचे पावित्र्य राखले पाहिजे आणि विवाहबाह्य संबंध आकर्षक करून दाखवता कामा नयेत, असे तिचे बंधन होते. अशा वेळी पडद्यावर स्त्री-पुरुषांची परस्परओढ मोकळेपणाने दाखवायची तर ज्यांचे लग्न झालेले आहे, किंवा कालपरवापर्यंत होते, असे जोडपे हाताशी असणे लेखकांच्या पथ्यावर पडणारे होते.

न्यूयॉर्कचा त्या वेळचा कायदाही ध्यानात घ्यावा. त्या राज्यात १७८७ पासून १९६६ च्या सुधारणेपर्यंत घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण मान्य होते. दोघांनी मिळून शांतपणे वेगळे व्हायचे ठरवले, तरी त्या ठरवण्याला कायद्यात जागा नव्हती. म्हणून ऐपत असलेले लोक नेव्हाडा राज्यातील रीनो शहरी जात, कारण तेथे १९३१ पासून सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट मिळू लागला होता. त्या काळच्या प्रेक्षकांना हे सारे ठाऊक होते, त्यामुळे जेरी आणि लूसी यांच्यातील ‘तू त्या रात्री कुठे होतीस’ हा वाद त्यांना नुसता घरगुती कुरबुरीसारखा वाटला नसणार.

प्रश्न : मग लूसी त्या रात्री खरोखर कुठे होती? तिचा आणि त्या गायनशिक्षकाचा संबंध होता की नव्हता? दोनदा पाहूनही उलगडा झाला नाही. (एक वाचक, डोंबिवली)

तिसऱ्यांदा पाहिला तरी होणार नाही, कारण हे उत्तर चित्रपटात जाणूनबुजून दिलेले नाही. चित्रपटाचा गाभा मला याच ठिकाणी दिसतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आरंभीचा प्रसंग आठवून पाहावा. जेरीने आपण फ्लोरिडाला जातो असे घरी सांगितले आहे. प्रत्यक्षात तो न्यूयॉर्कमधील आपल्या क्लबात दिव्याखाली पडून कातडी रापवून घेत आहे, म्हणजे उन्हात राहून आल्याची खूण अंगावर दिसेल. पुढे तो मित्रमंडळींना घेऊन, संत्र्यांची करंडी हातात धरून घरी येतो. लूसी घरी नाही. ती पॅट्सी मावशीकडे गेली असेल असे तो पाहुण्यांना सांगतो आणि तेवढ्यात खुद्द पॅट्सी मावशीच लूसीची चौकशी करीत आत येते. मागोमाग आदल्या संध्याकाळच्या समारंभी पोशाखात लूसी येते आणि तिच्याबरोबर तिचा गायनशिक्षक आर्मां असतो. गाडी बिघडली, रात्र एका खाणावळवजा मुक्कामाच्या जागी काढावी लागली, असे ती दोघे सांगतात. पाहुणे असेपर्यंत जेरी उदारपणाचा आव आणतो आणि ते गेल्यावर लग्नाचा पाया विश्वास हाच असतो, यावर बायकोला प्रवचन देतो. चोर तो चोर आणि वर शिरजोर, असेच हे दृश्य आहे. लूसी करंडीतले एक संत्रे उचलून पाहते. त्यावर ‘कॅलिफोर्निया’ असा शिक्का आहे.

येथे एक फरक सहज नजरेतून निसटतो. जेरी खोटे बोलला याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे, तर लूसी खोटे बोलते आहे याचा कोणताही पुरावा नाही. तिची हकिगत खरी ठरत नाही, तशी ती खोटीही ठरत नाही. जेरी फ्लोरिडाला नव्हता तर कुठे होता, हे मात्र पुढे कोणी विचारीतसुद्धा नाही. संशय ज्याच्या मनात आधीपासून आहे, तोच समोरच्याकडे पुरावा मागतो, हे लेखक-दिग्दर्शकांनी अवघ्या काही मिनिटांत मांडले आहे आणि त्यासाठी एकही गंभीर वाक्य खर्ची घातलेले नाही.

लूसी वकिलाला दूरध्वनी करते, तेव्हाचा प्रसंगही याच सूत्रातला आहे. विवाह ही किती सुंदर गोष्ट आहे हे वकील तिला समजावत असतो आणि मध्येच जेवायला बोलावणाऱ्या स्वतःच्या बायकोवर खेकसत असतो. लग्नाविषयीची सुभाषिते एकीकडे आणि माणसाचे वागणे दुसरीकडे, हे अंतर या चित्रपटाने शेवटपर्यंत नजरेआड होऊ दिलेले नाही.

पुढे जेरी पुरावा मिळवण्यासाठी आर्मांच्या घरात घुसतो. दाराशी नोकराशी झटापट करून तो आत शिरतो, तर समोर श्रोते बसलेले आहेत आणि लूसी पियानोच्या साथीवर गात आहे. चपापलेला जेरी मागच्या खुर्चीवर बसतो, खुर्ची कलंडते, तो तोल सावरू पाहतो आणि अखेर साऱ्या पसाऱ्यासह खाली कोसळतो. लूसी गाणे थांबवीत नाही. तिला हसू आवरत नाही आणि ते हसू ती गाण्याच्या शेवटच्या स्वरांत मिसळून टाकते. आयरीन डन स्वतः उत्तम गायिका होत्या, म्हणूनच हे इतके सहज साधले. संशयाने पेटून आलेल्या नवऱ्याची फजिती पाहून तिला राग यायला हवा होता, पण तिला येते ते हसू, आणि त्या हसण्यात प्रेम आहे हे तिला त्याच क्षणी उमगते.

त्या रात्री काय घडले, याचा निकाल चित्रपट लावीत नाही, कारण निकाल लागला तरी संसार त्याने सांधला जाणार नाही, अशी त्याची धारणा आहे. लूसी निर्दोष असल्याचे सिद्ध झाले असते तर जेरीचा विश्वास हा विश्वास राहिला नसता, तो केवळ साक्षीपुराव्याचा निष्कर्ष ठरला असता. ही धारणा मला अतिशय प्रौढ वाटते. पुराव्याविना विश्वास टाकण्याची तयारी झाल्यावरच जेरी नवरा होण्यास लायक ठरतो.

प्रश्न : ओक्लाहोमाचा तो डॅन लीसन बिचारा मनाने सरळ आहे. त्याची टिंगल करून हसवणे मला रुचले नाही. (एक वाचक, बेळगाव)

आपल्या आक्षेपात तथ्य आहे. तेलाच्या धंद्यात पैसा मिळवलेला, आईच्या मुठीत असलेला, मोठ्याने हसणारा आणि स्वतः रचलेल्या प्रेमकविता वाचून दाखवणारा हा माणूस कोणाचे वाईट करीत नाही. न्यूयॉर्ककरांनी खेड्यातल्या माणसाला हसावे, ही त्या काळच्या नाटक-सिनेमांची जुनी खोड आहे आणि हा चित्रपट तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नाही.

तरीही राल्फ बेलामी यांचे काम पुन्हा पाहावे. नाइटक्लबमध्ये डॅन लूसीला घेऊन आपल्याकडचा उड्या मारण्याचा नाच करतो आणि जेरी वादकांना पैसे देऊन तीच धून पुन्हा वाजवायला लावतो. त्या नाचात डॅन मनापासून रमलेला आहे, अवघडलेली आहे ती लूसी. दुसऱ्या एका प्रसंगात डन पियानोवर आणि बेलामी त्यांच्या शेजारी उभे राहून बेसूर आवाजात गाणे म्हणतात. बेलामी यांना गाता येत नव्हते आणि मॅकॅरी यांना नेमके तेच हवे होते. या भूमिकेसाठी बेलामी यांना सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. डॅन मूर्ख आहे म्हणून नाकारला जात नाही. लूसी काय बोलली हे त्याला कळते, पण ती का हसली हे त्याला कळत नाही, आणि तिच्यासाठी तेवढे कारण पुरेसे आहे.

प्रश्न : चित्रीकरणाच्या वेळी संवाद लिहून तयारच नव्हते, हे खरे आहे काय? (एक वाचक, पुणे)

बऱ्याच अंशी खरे आहे. मूळ आधार आर्थर रिचमन यांचे १९२२ चे नाटक होते. त्यावर याआधी दोन चित्रपटही निघाले होते. पटकथेचे श्रेय व्हिन्या डेलमार यांना आहे आणि त्या पटकथेलाही ऑस्करचे नामांकन मिळाले. परंतु मॅकॅरी यांची घडण मूकपटांच्या विनोदात झालेली होती. लॉरेल आणि हार्डी ही जोडी जमवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सेटवर पियानोशी बसावे, प्रसंग मनाशी घोळवावा, त्याच दिवशी नटांना काय बोलायचे आणि करायचे ते सांगावे, अशी त्यांची रीत होती. पूर्ण संहिता हातात घेऊन काम करण्याची सवय असलेले नट त्यामुळे हवालदिल झाले. कॅरी ग्रँट तर इतके धास्तावले की त्यांनी कोलंबिया कंपनीचे प्रमुख हॅरी कोन यांच्याकडे या चित्रपटातून मोकळे करण्याची विनंती केली. ती मान्य झाली नाही, हे त्यांचे आणि आपलेही भाग्य. देखणेपण आणि फजिती ही दोन्ही एकाच वेळी अंगावर वागवणारा जो कॅरी ग्रँट पुढे जगाला परिचित झाला, तो खऱ्या अर्थाने येथे घडला.

दिग्दर्शनाचे ऑस्कर स्वीकारताना मॅकॅरी यांनी हा पुरस्कार चुकीच्या चित्रपटासाठी दिला गेल्याचे सांगितले होते. त्यांच्या मनात त्यांचाच त्याच वर्षीचा ‘मेक वे फॉर टुमारो’ हा चित्रपट होता. त्यात घर बँकेच्या ताब्यात गेल्यामुळे एका वृद्ध जोडप्याला मुलांच्या घरी वेगवेगळे राहावे लागते आणि अखेरीस स्थानकावर एकमेकांचा निरोप घ्यावा लागतो. त्या वृद्धेचे नावही लूसी आहे. एकाच वर्षी एकाच दिग्दर्शकाने, वेगळे व्हायचे नसताना वेगळे केलेले एक जोडपे आणि वेगळे होण्याचा हट्ट धरूनही वेगळे होऊ न शकणारे दुसरे जोडपे दाखवले. शक्य असेल त्यांनी हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. विनोदी चित्रपटामागे विवाहाविषयी किती कळकळ होती, हे त्याखेरीज पुरते ध्यानात येत नाही.

प्रश्न : त्यातील कुत्रा दुसऱ्याही एका प्रसिद्ध चित्रपटात पाहिल्यासारखा वाटतो. (एक वाचक, इंदूर)

आपली आठवण बरोबर आहे. मिस्टर स्मिथची भूमिका करणारा हा टेरिअर जातीचा कुत्रा, स्किपी, १९३४ च्या ‘द थिन मॅन’ मध्ये ॲस्टा म्हणून गाजला होता. न्यायालयात त्याचा ताबा कोणाकडे जावा हे त्याच्याच मर्जीवर सोपवले जाते, तेव्हा लूसी दडवून आणलेले त्याचे खेळणे हळूच दाखवून त्याला आपल्याकडे ओढते. लबाडी एकट्या जेरीच्याच वाट्याची नाही, हेही त्या दृश्यातून कळते.

प्रश्न : बहीण बनून लूसी जेरीच्या होणाऱ्या सासरी जो धिंगाणा घालते तो, आणि त्यानंतरचा दाराचा व घड्याळाचा शेवट, हे जरा लांबवल्यासारखे वाटते. आपले मत काय? (एक वाचक, ठाणे)

माझे मत याच्या उलट आहे. जेरी बार्बरा व्हान्स या श्रीमंत घराण्यातील मुलीशी लग्न ठरवतो आणि लूसी त्याची भडक, तोंडाळ बहीण ‘लोला’ बनून त्या प्रतिष्ठित दिवाणखान्यात अवतरते. आपली पर्स हरवली, कोणी खोलीबाहेर जाऊ नका, असे ओरडून ती यजमानांवरच चोरीचा आळ घेते. मग ती नाचून गाऊन दाखवते. ते गाणे पूर्वी नाइटक्लबमध्ये जेरीच्या त्या वेळच्या मैत्रिणीने म्हटलेले असते, ज्यात ठरावीक ओळीला खालून वाऱ्याचा झोत येऊन गायिकेचा झगा उडायचा. लूसी त्या जागी थांबून सांगते की येथे वारा येतो, तो आपण कल्पनेने पाहावा. उपस्थित मंडळी गारठून बसलेली असतात आणि फक्त जेरीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरते. कारण त्या रात्री तीही तेथे होती, तिने सारे पाहिले होते आणि लक्षात ठेवले होते. खोलीभर माणसांत फक्त दोघांनाच कळणारी थट्टा करणे, याहून मोठी विवाहाची खूण हा चित्रपट दाखवीत नाही.

शेवटच्या प्रसंगाकडे आचारसंहितेच्या अंगाने पाहावे. पॅट्सी मावशीच्या डोंगरातील घरात दोन शेजारच्या खोल्या, मध्ये नीट न बसणारे दार, आणि मध्यरात्री घटस्फोट कायम व्हायचा आहे. दोघांना एकाच खोलीत आणायचे, पण काहीही दाखवायचे नाही, अशी ही अट होती. वाऱ्याने दार उघडते आणि उसन्या, ढगळ रात्रझग्यातील जेरी ओशाळून उभा राहतो. मग वाऱ्याने दार पुन्हा उघडावे अशी दोघांचीही इच्छा असते, तर नेमके काळे मांजर त्या दाराला टेकून बसते. घड्याळातील मुलगा आणि मुलगी दर पाव तासाने आपापल्या दारातून बाहेर येतात व परत जातात, आणि अखेरच्या ठोक्यांनंतर मुलगा आपले दार सोडून मुलीच्या दारात शिरतो. बंधन पाळून इतकी बोलकी जागा शोधणाऱ्या दिग्दर्शकाने तिच्यावर वेळ घेतला, तर तो मला योग्यच वाटतो. घाईने केलेला समेट या दोघांच्या बाबतीत खरा वाटला नसता.

प्रश्न : अशा चित्रपटांत शेवटी नमते घेते ती स्त्रीच, असा माझा अनुभव आहे. हा चित्रपट त्याला अपवाद आहे का? या प्रकारातील आणखी कोणते पाहावेत? (एक वाचिका, कोल्हापूर)

होय, तो अपवाद आहे, आणि या प्रकारात मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो त्याचे हे मुख्य कारण आहे. मध्यरात्रीच्या संवादात लूसी कसलीही कबुली देत नाही. आपण मूर्खपणा केला आणि आता आपण बदललो आहोत, हे कबूल करावे लागते ते जेरीला, आणि ते ऐकल्यावरच ती हसते. हालचालीही बहुतेक तिच्याच आहेत. दिवाणखान्यातील नाटक तिने रचले, वाटेत मोटार बिघडवली ती तिने, आणि पोलिसांच्या मोटारसायकलींवर बसून दोघांना मावशीच्या घरी पोहोचवण्याची व्यवस्थाही तिच्याच करामतीतून झाली.

१९४० च्या ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ बाबत मात्र आपला अनुभव खरा ठरतो. तो अतिशय सफाईदार चित्रपट आहे आणि कॅथरीन हेपबर्न यांचे काम असामान्य आहे. परंतु स्वतःच्या बाहेरख्यालीपणाचे खापर मुलीच्या थंडपणावर फोडणाऱ्या बापाचे म्हणणे चित्रपट जवळजवळ मान्यच करतो, आणि आधीचा नवरा, होणारा नवरा, बाप असे सगळे तिला तिचे दोष सांगत राहतात. बापाचे ते भाषण मला आजही खटकते.

आपण आधी ‘हिज गर्ल फ्रायडे’ पाहावा, असे मी सुचवेन. तोही १९४० चाच. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी १९२८ च्या मूळ नाटकातील बातमीदार पुरुषाच्या जागी स्त्री आणली आणि संपादकाची ती घटस्फोटित पत्नी झाली. पुन्हा कॅरी ग्रँट नवरा आहेत, आणि पुन्हा राल्फ बेलामी नाकारले जाणारे वर आहेत. त्यातील हिल्डी जॉन्सन नवऱ्याकडे परतते तेव्हा ती आपल्या कामाकडेही परतते, कारण त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत तिच्या तोडीचा बातमीदार दुसरा नाही आणि हे तिच्या नवऱ्याइतके कोणालाच कळलेले नाही. तरीही शेवटी नायगाऱ्याला ठरलेला मधुचंद्र एका संपाच्या बातमीसाठी ऑल्बनी शहराकडे वळवला जातो आणि पेटी तिची तिलाच उचलावी लागते. जेरी वॉरिनर जितका बदलला तितका तो संपादक बदललेला नाही. हिल्डीने हे ओळखून परत जायचे ठरवले की गडबडीत तिला ते दिसलेच नाही, याविषयी आपले मत काय होते ते चित्रपट पाहिल्यावर अवश्य कळवावे. पुढील अंकात त्याला जागा देता येईल.